पाळणा लांबवायचा कुणी?

नव्या औषधाच्या चाचणीत भाग घ्यायचा म्हटलं की हातात संमतीपत्र येतं. चांगलं जाडजूड असतं. रक्त किती काढणार, किती वेळा यायचं, प्रवासखर्च कोण देणार, त्रास झाला तर कुणाला फोन करायचा, सगळं त्यात असतं. मधल्या कुठल्यातरी पानावर एक परिच्छेद असतो : चाचणी चालू असताना आणि शेवटच्या गोळीनंतर ठरावीक काळ दिवस जाऊ द्यायचे नाहीत, त्यासाठी खात्रीचं साधन वापरायचं आणि ठरलेल्या भेटींना लघवीची तपासणी करून घ्यायची. दवाखान्यात हा परिच्छेद दोन मिनिटांत वाचून होतो. किकवीला आमच्या घरी त्यावर अख्खी दुपार गेली.

बोलणाऱ्या दोघींनाही विषय आतून माहीत होता. आत्या नोकरीभर भोर-वेल्ह्याकडच्या उपकेंद्रांवर नर्सबाई होती. माला-एनच्या गोळ्या वाटण्यापासून तांबी बसवण्यापर्यंत सगळं तिनं केलेलं. वहिनी पुण्यातल्या एका रुग्णालयात औषधांच्या चाचण्यांची समन्वयक आहे. संमतीपत्र समजावून सांगणं हेच तिचं रोजचं काम. निमित्त झालं आळीतल्या एका नव्या सुनेचं. लग्नाला फार दिवस झालेले नाहीत, आणि ऐन विशीत सांध्यांच्या आमवाताने तिची बोटं सकाळी वळेनाशी होतात. तिला एका नव्या गोळीच्या चाचणीबद्दल विचारणा झाली. कागद घेऊन ती आत्याकडे आली आणि तो परिच्छेद दाखवून म्हणाली, "हे घरी कसं सांगू?" तिची ओळख पटेल असं यापुढे काही लिहीत नाही. ती गेल्यावर दोघींचं सुरू झालं.

आत्या : वर्षभर दिवस जाऊ द्यायचे नाहीत, हे त्या पोरीला सांगताय तुम्ही. तिच्या हातात आहे का ते?

वहिनी : हातात नसेल तर तिला चाचणीत घेता येणार नाही, आत्या. नवं औषध आहे. प्राण्यांवर तपासलंय, पण पोटातल्या माणसाच्या बाळाला काय होतं ते कुणालाच माहीत नाही. आईनं सही केली म्हणून बाळानं सही केली असं होत नाही.

आत्या : मग प्राण्यांवर तपासता ते कशाला?

वहिनी : तपासतोच. आपल्या नियमांत आहे, मूल होण्याच्या वयातल्या बायकांना जे औषध द्यायचं, त्याची प्रजननावरची तपासणी प्राण्यांत करायची. उंदीर, ससे. पण थॅलिडोमाइड आठवा. १९५७ साली जर्मनीत बाजारात आलं, झोपेसाठी आणि उलट्या-मळमळीसाठी सर्रास दिलं, १९६१ च्या नोव्हेंबरात मागे घेतलं. तेवढ्यात जगभर दहा हजारांहून जास्त मुलं हातपाय खुरटलेली जन्मली. कितीतरी जन्मायच्या आधी किंवा जन्मताच गेली. अमेरिकेत फ्रान्सिस केल्सी नावाच्या अधिकारी बाईंनी परवानगी अडवून धरली, म्हणून तिथली मुलं बहुतेक वाचली. तुमच्या वेळच्या कुष्ठरोगाच्या औषधांत तेच थॅलिडोमाइड होतं की.

आत्या : होतं. अंगावर गाठी उठून ताप येणाऱ्या रुग्णांना देत. बाईला द्यायचं नाही, एवढं आम्हाला पक्कं माहीत होतं. पण तूच नीट बघ. ती मुलं चाचणीतल्या बायकांची होती का? औषध दुकानात आलं, डॉक्टरांनी लिहून दिलं, बायकांनी घेतलं. गरोदर बाईत आधी नीट तपासलंच नव्हतं, म्हणून तर एवढ्यांना भोगावं लागलं. त्यातून तुम्ही धडा काय घेतलात? गरोदर बाईला चाचणीच्या दारातच उभी करायची नाही!

आत्याचा हा मुद्दा मला त्या दुपारचा सगळ्यात वजनदार वाटला. थॅलिडोमाइडनंतर जगानं दोन गोष्टी केल्या. बाजारात येण्याआधी औषध काटेकोर तपासायचं ठरवलं, हे योग्यच होतं. पण १९७७ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनानं मूल होऊ शकेल अशा बाईला सुरुवातीच्या चाचण्यांतून जवळपास बाहेरच ठेवा असं सांगितलं. लग्न न झालेली, नवऱ्यानं नसबंदी केलेली, गोळ्या घेणारी, सगळ्या त्यात आल्या. १९९३ साली ती भूमिका बदलली, आणि दार उघडताना जी अट घातली ती म्हणजे आजचा हा परिच्छेद. म्हणजे संततिनियमनाची अट बाईला अडवण्यासाठी नव्हे, आत घेण्यासाठी आली. वहिनीनं हेच सांगितलं. आत्याला ते पूर्ण पटलं नाही, पण तिनं ऐकून घेतलं.

वहिनी : आणि आता दुसरी बाजू बघा. ती आत्ता काय गोळ्या घेते, त्याची चिठ्ठी दाखवली का तिनं तुम्हाला?

आत्या : फोटो पाठवलाय. आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी आहे, आणि फॉलिक अॅसिड.

वहिनी : मेथोट्रेक्सेट.

आत्या : हं.

वहिनी : या गोळीनं गर्भ पडतो, नाहीतर बाळात व्यंग येतं. गर्भ नळीत अडकला तर तो जिरवायला हेच औषध वापरतात. नव्या लग्नाच्या मुलीला हे देताना कुणी विचारलं का, की बाई, मूल कधी हवंय, साधन काय वापरतेस? माझ्या चाचणीच्या कागदात निदान ते विचारलंय. पानभर विचारलंय. फिटच्या आजारात व्हॅल्प्रोएट देतात, त्याचंही तेच. रोजच्या दवाखान्यात गर्दीत कोण विचारतं? चाचणीत विचारल्याशिवाय पुढचं पानच उलटता येत नाही.

आत्या थोडा वेळ काही बोलली नाही. मग तिनं त्या मुलीला फोन करून तिची पाळी कधी आली होती ते विचारलं, आणि पुढची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नकोस असं बजावलं. नोकरी संपली तरी नर्सबाई संपत नाही.

आत्या : तुझं हे बरोबर आहे. विचारलं पाहिजे. पण कसं विचारता? सासू शेजारी बसलेली. तुम्ही म्हणणार, साधन वापराल का? पोरगी मान डोलावणार. घरी गेल्यावर सासू म्हणणार, पाळणा हलायच्या आधी कसल्या गोळ्या? नवरा म्हणणार, मी काही ते वापरणार नाही. पोरीला औषध फुकट मिळतंय, बोटं वळायला लागलीत, ती तुम्हाला खरं सांगेल का?

वहिनी : म्हणून तर लघवीची तपासणी.

आत्या : तपासणीनं दिवस जायचे थांबतात का? गेलेले कळतात फक्त.

वहिनी : आणि कळेपर्यंत उशीर झालेला असतो, मान्य. बाळाच्या मणक्याची नळी चौथ्या आठवड्यातच बंद होते, हातपाय, हृदय आठव्या आठवड्यापर्यंत घडतं. पाळी चुकली म्हणून तपासायला यावं तोवर निम्मं घडून गेलेलं असतं. म्हणून नुसत्या तपासणीवर भागत नाही, साधन लागतंच. शंभर बायकांनी वर्षभर वापरलं तर एकीपेक्षा कमी जणींना दिवस जावेत, असं.

आत्या : यादी वाच बरं.

वहिनीनं वाचली. बीज बाहेर पडू न देणाऱ्या गोळ्या, इंजेक्शन, तांबी, दंडात बसवायची कांडी, बाईचं ऑपरेशन, नवऱ्याची नसबंदी, आणि पूर्ण संयम. निरोध एकट्यानं पुरेसा धरलेला नाही. युरोपातल्या औषध नियंत्रकांनी २०१४ साली अशी यादी एकत्र केली. इतर चाचण्यांच्या कागदांतही हीच, नाहीतर हिच्या जवळपासची यादी असते.

आत्या : यात छाया कुठाय?

वहिनी : नाही.

आत्या : आठवड्याची गोळी, आशाताईकडे मिळते, सरकारी. लखनौच्या आपल्याच संस्थेनं काढलेली. इथल्या बाईला ती माहीत आहे, आणि तुमच्या यादीत ती नाही! तांबी म्हणशील, तर पहिलं मूल होईपर्यंत तांबी बसवू देत नाहीत घरचे, भीती घालतात. अंतराचं इंजेक्शन म्हणशील, तर ते तीन महिने टिकतं, पण सोडल्यावर दिवस राहायला सात-आठ महिने, कधी जास्तही लागतात. जिला वर्षानं मूल हवंय तिला ते देऊ नये. आणि अंतरानं पाळी बिघडते, कधी थांबते. घरात पाळी पाळली जात असेल तर सासूला लगेच कळतं. माला-एनच्या गोळ्या म्हणशील, तर टीबीचं रिफॅम्पिसिन चालू असलेल्या बाईला त्या पुरत नाहीत, हे तुझ्या टीबीच्या चाचण्यांत तुला माहीतच असेल. राहिलं ऑपरेशन. ते मुलं झालेल्या बाईचं.

वहिनी : आमच्या चाचण्यांत येणाऱ्या गावाकडच्या बायका बहुतेक त्याच असतात. ऑपरेशन झालेल्या. त्यांना काही विचारावं लागत नाही.

आत्या : झालं ना मग! राज्यात लग्न झालेल्या, मूल होण्याच्या वयातल्या बायकांपैकी जवळपास निम्म्यांचं ऑपरेशन झालेलंय. २०१९-२१ च्या सरकारी पाहणीतच आहे. पुरुषांची नसबंदी शंभरात एकसुद्धा भरत नाही. तुमचं औषध तपासलं जातं ते तिशी-चाळिशीच्या, दोन-तीन बाळंतपणं झालेल्या बायकांत. आणि मग तेच विशीतल्या पोरीला देणार.

हा विचार मला आधी सुचला नव्हता. साधनांची यादी कागदावर सगळ्यांना सारखीच वाटते, पण ती ज्या घरात जाते तिथं अर्धी नावं आपोआप खोडली जातात. टार्गेटच्या काळातलं आत्या बरंच बोलली. १९९६ साली केंद्र सरकारनं ऑपरेशनचे कोटे काढून टाकले, त्याआधी मार्चअखेर आली की यंत्रणा बायका मोजत असे. बाईला विचारायचं ते घरचं ठरल्यावर. म्हणून आत्याला कागदावरच्या सहीचा भरवसा कमी. र. धों. कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि पुढे 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं, ते बाईच्या सुखासाठी आणि तिच्या निर्णयासाठी. आत्याच्या मनात ते वेगळं, आणि दुसऱ्या कुणाच्या सोयीसाठी बाईनं साधन वापरणं वेगळं.

वहिनी : तुम्ही म्हणता सगळा भार बाईवर. पुरुषांसाठीही अट असते. कर्करोगाच्या काही औषधांत पुरुषाला शेवटच्या डोसनंतर तीन महिने आणि वर काही दिवस सांगतात, कारण नवे शुक्राणू तयार व्हायला अडीच महिने लागतात. थॅलिडोमाइड घेणाऱ्या पुरुषानं निरोध वापरायचाच, वीर्यातून औषध जातं. आणि नुकसानभरपाईत चाचणीत बाप असला तरी धरलंय. २०१९ च्या नव्या नियमांत स्पष्ट आहे, आईबापांपैकी कुणाच्याही सहभागामुळे पोटातल्या बाळाला इजा झाली तर ती चाचणीमुळे झालेली इजा.

आत्या : किती देतात?

वहिनी : व्यंग असेल तर मृत्यूच्या भरपाईसाठी जी आठ लाखांची पायाभूत रक्कम धरतात, तिच्या निम्मी. आणि बाळाला जोवर उपचार लागेल तोवर सगळा खर्च प्रायोजकाचा, तो वेगळा.

आत्या : चार लाख. ठेव म्हणून ठेवले तर महिन्याचं व्याज किती?

वहिनी : सूत्र त्यावरच बसवलंय. अकुशल मजुराच्या किमान वेतनाच्या साधारण अर्धं व्याज यावं, असं.

आत्या : म्हणजे ज्यांनी सूत्र बसवलं त्यांना ठाऊक होतं की असं बाळ आयुष्यभर कमावणार नाही. अर्ध्या मजुरीवर ते आणि त्याची आई.

यावर वहिनीकडे उत्तर नव्हतं. मला वाटतं, कुणाकडेच नाही. म्हणून अट नको असं मात्र मी म्हणणार नाही. उलट ज्याची भरपाई इतकी तोकडी, ते टाळण्यासाठी काटेकोर असायलाच हवं. फक्त काटेकोरपणा औषधाच्या धोक्याच्या मापाचा असावा. मेथोट्रेक्सेटसारख्या औषधाला कडक अट हवी. पण ज्या लसीच्या किंवा औषधाच्या प्राण्यांवरच्या तपासणीत काही सापडलं नाही, जे आतड्यातून रक्तात जवळजवळ जातच नाही, त्यालाही तोच परिच्छेद चिकटवला जातो, तेव्हा तो बाळाच्या काळजीपेक्षा कंपनीच्या काळजीचा असतो. वहिनीनंही हे कबूल केलं. अनेक कागदांत तो परिच्छेद आधीच्या कागदातून जसाच्या तसा येतो.

मग विषय गरोदर बाईकडे आला, आणि पुण्याचीच एक चाचणी निघाली.

वहिनी : एच.आय.व्ही. असलेल्या बाईला टीबी होऊ नये म्हणून आयसोनियाझिड द्यायचं, गरोदरपणातसुद्धा, असं जगभर सांगत होते. गरोदर बायकांत नीट तपासलेलं नसताना. मग आठ देशांत ९५६ गरोदर बायकांवर चाचणी झाली. पुण्याचं बी. जे. मेडिकल त्यात होतं. निम्म्यांना गरोदरपणातच औषध, निम्म्यांना बाळंतपणानंतर बारा आठवड्यांनी. २०१९ साली निकाल आला. गरोदरपणात घेतलेल्यांत बाळ दगावणं, कमी दिवसांचं, कमी वजनाचं होणं, हे सगळं धरून २३.६ टक्के. नंतर घेतलेल्यांत १७ टक्के.

आत्या : बघ! हे चाचणीशिवाय कळलं असतं का? देतच राहिलो असतो आपण.

वहिनी : पण त्या चाचणीत ज्या बायकांना लवकर मिळालं त्यांच्या बाळांचं काय, हेही तुम्ही विचारा.

आत्या : विचारते. त्या बायकांना आधी सांगितलं होतं, देखरेख होती, कुणीतरी मोजत होतं. बाहेर गोळी घेणाऱ्या बाईचं बाळ गेलं तर आम्ही रजिस्टरवर लिहायचो, कारण कोण शोधतं? करोनातही तेच झालं. २०२०च्या ऑगस्टअखेरीस पुण्यात भारती रुग्णालयात कोविशील्डची पहिली टोचणी झाली, गरोदर बाईला चाचणीत जागा नाही. २०२१च्या १६ जानेवारीला लसीकरण सुरू झालं, आणि गरोदर बाईला परवानगी मिळाली २ जुलैला. मधे ती दुसरी लाट येऊन गेली. पोटुशी बाई विचारायची, ताई, घेऊ का? काय सांगायचं आम्ही?

वहिनी : म्हणजे तुम्हाला दोन्ही हवंय. नव्या औषधाला अट नको, आणि गरोदर बाईवर चाचणीही हवी.

आत्या : अट हवीच गं. पण अट घालून तुम्ही मोकळे होऊ नका. आज जिला थांबवलंत, तिच्यासाठी उद्या उत्तर शोधा. आणि जिच्या दिवसांची तुम्हाला एवढी काळजी, तिला दिवस गेलेच तर चाचणीतून काढून टाकलं की संपलं, असं नको.

वहिनी : संपत नाही. औषध थांबवतो, पण बाळंतपणापर्यंत आणि पुढेही माहिती घेतो. गर्भ ठेवायचा की नाही, ते तिचं. त्यावर आम्ही एक शब्द बोलायचा नसतो.

तपासणीवरून मात्र दोघींचं शेवटपर्यंत जमलं नाही. लग्न न झालेली मुलगी चाचणीत आली, 'माझा कुणाशी संबंध नाही' म्हणाली, तरी तिची लघवी तपासायची का? आत्याचं म्हणणं, तिचा शब्द हेच साधन. यादीत संयम धरलाय ना? मग बापासमोर बाटली हातात देऊन तिला का लाजवता? वहिनी म्हणते, बापाला बाहेर बसवू, तपासणी का करतोय ते तिला एकटीला सांगू, निकालही तिलाच देऊ. पण तपासणी सोडणार नाही, कारण घाबरलेली मुलगी खरं सांगतेच असं नाही. आणि मुलगी अठराच्या आतली असेल तर आणखी अवघड, कारण गर्भ निघाला तर पॉक्सो कायद्यानं पोलिसांना कळवणं भाग. ते तपासणीच्या आधी सांगायचं की नंतर? वहिनी म्हणते, आधीच, नाहीतर ती संमती कसली. आत्या म्हणते, आधी सांगितलंत तर जिला मदतीची गरज आहे तीच दारातून परत जाईल. मला अजूनही यातली एक बाजू धरता येत नाही.

एका गोष्टीवर मात्र दोघींचं एकमत झालं, आणि ती मला अमलात आणण्याजोगी वाटते. रुग्णालयाच्या नीतिमत्ता समितीत कायद्यानं किमान सात जण हवेत, त्यात एक बाई आणि एक सामान्य माणूस हवा. तो परिच्छेद मंजूर करताना त्या समितीनं विचारायचं : यादीतलं कुठलं साधन या तालुक्याच्या उपकेंद्रावर मिळतं? त्याचा खर्च कोण देणार? नवऱ्याशी बोलायची जबाबदारी कुणाची? आणि बाईला एकटीला बसवून विचारायला खोली आहे का?

आत्या : आधी तिला एकटीला. तिनं म्हटलं तर नवऱ्याला बोलवायचं. सासूला तिनंच आणलं तर आणू दे.

वहिनी : आणि नवरा नको म्हणाली तर?

आत्या : मग तिच्या एकटीच्या हातात राहील असं साधन आहे का बघ. नसेल तर घेऊ नकोस तिला. औषधाच्या आशेनं हो म्हणणाऱ्या पोरीला तू तरी हो म्हणू नकोस.

त्या मुलीची पाळी वेळेवर आली. वहिनीबरोबर ती डॉक्टरांकडे एकटी गेली आणि पहिल्यांदाच म्हणाली की तिला मूल हवं आहे, लवकर हवं आहे. चाचणीत तिला घेतलं नाही; तिनंच नको म्हटलं. मेथोट्रेक्सेट बंद झालं. दिवस राहण्याआधी ते काही महिने थांबवून ठेवावं लागतं, तेवढ्या काळासाठी साधन लागतंच, ते तिनं नवऱ्याशी बोलून ठरवलं. सांध्यांसाठी तिला सल्फासालाझिन आणि हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन सुरू केलंय. ही औषधं गरोदरपणातही चालतात. फॉलिक अॅसिड चालू ठेवायला सांगितलंय. बोटांची सूज अजून उतरलेली नाही, आणि नव्या गोळीनं ती उतरली असती का, हे तिला कधीच कळणार नाही, असं वहिनी म्हणते. पुढच्या तारखेला तिच्याबरोबर तिचा नवरा येणार आहे. आत्यानं त्याला विचारायचे प्रश्न एका कागदावर लिहून दिले आहेत. त्यातला पहिला निरोधाचा आहे.